ठिणगीचा माइक एक वीत उंच

माइक तोंडासमोर लावतात. हे कळायला तीस वर्षं रेकॉर्डिंगच्या काचेमागे बसावं लागत नाही, शेंबड्या पोरालाही कळतं. त्यामुळे ठिणगीचा आवाज द्यायला आलेल्या त्या बाई पहिल्याच दिवशी आत गेल्या, मी मापून लावलेला माइक एक वीत वर सरकवला आणि चपला काढून, मान वर करून त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या, तेव्हा माझं टाळकंच सटकलं.

"बाई, खाली घ्या तो. माइक आहे, दिवा नाही."

"भाऊ, ठिणगी केवढा आहे?"

"अकरा वर्षांचा. कागदावर लिहिलंय."

"आणि त्याचा तो दादा?"

"दिसतोय की समोर पडद्यावर. साडेसहा फूट तरी असेल."

"मग ठिणगी त्याच्याशी बोलताना कुठे बघेल?"

मी मनात म्हटलं, करा काय करायचं ते, पहिल्या वाक्याला आपटाल तेव्हा कळेल. बटण दाबलं. आणि माझ्या कानात एक मुलगा बोलला. ताणलेला गळा, जरासा चिरका, वाक्य संपायच्या आतच घाईने घेतलेला श्वास. "दादा, आता काय करायचं?" मी खरोखर उठून काचेतून आत वाकून बघितलं, की बाईंनी सोबत कुणी पोरगं आणलंय की काय. आत त्या एकट्याच होत्या. सदतीस वर्षांच्या, बुटक्या, अंबाड्यात पेन खोचलेला. त्या दिवसापासून ठिणगीचा माइक एक वीत उंच लागतो हे मी कागदावर लिहून स्टँडला चिकटवून टाकलं.

आमचं काम साधं. परक्या भाषेतले सिनेमे यायचे आणि आम्ही त्यातल्या माणसांच्या तोंडी आपली भाषा घालायची. सगळ्यात चालायचे ते झंझावातचे सिनेमे. झंझावात वारा मुठीत धरतो, कोसळणारा पूल एका खांद्यावर पेलतो, आणि त्याच्या मागेमागे धावतो त्याचा चिमुकला साथीदार, ठिणगी. बावीस वर्षांत नऊ सिनेमे आले. पडद्यावरची मुलं तीनदा बदलली, कारण मुलं वाढतात, त्याला सिनेमावाले तरी काय करणार. आमच्याकडचा ठिणगी मात्र एकच राहिला.

बाई सकाळी चष्म्याच्या दुकानात कामाला. फ्रेममध्ये काच बसवायची, इवलासा स्क्रू पिळायचा, दांडी कानामागे नीट बसते का बघायचं. नवरा बसच्या डेपोत टायर बदलायचा, घरात दोन मुली. म्हणजे मुलग्याचा आवाज घरात ऐकायची सोयच नव्हती. एकदा मी विचारलं, हे शिकलात कुठे? तर म्हणाल्या, "दुकानात. पहिला चष्मा लागला की अकरा वर्षांचा मुलगा काय करतो, बघितलंय? आधी म्हणतो मला नको. मग काच लागली की दारातून बाहेरची पाटी वाचतो. मग पुढची. मग त्याला इतकं बोलायचं असतं की श्वास कुठे घ्यावा हे कळत नाही." मी त्या दुकानात शंभरदा गेलो असेन. मला तिथे फक्त चष्मे दिसले होते.

खरं सांगायचं तर मला ठिणगी आवडायचा नाही. त्यांच्या तोंडावर सांगितलंही.

"काय काम आहे हो या पोराचं? एक तर विचारतो, नाहीतर ओरडतो, नाहीतर सापडतो. तिसऱ्या सिनेमात तीनदा सापडलाय. घरी ठेवला असता तर सिनेमा तासाभरात आटोपला असता."

"आटोपला असता ना? मग?" त्या हसल्या. आणि चपला घालता घालता म्हणाल्या, "एवढा ताकदीचा माणूस, भाऊ. त्याला कुणी काही विचारलंच नाही तर तो बोलणार कुणाशी? भिंतीशी? ठिणगी विचारतो म्हणून त्याला तोंड उघडावं लागतं. तोंड उघडलं की आपल्याला कळतं, हाही घाबरतो. नाहीतर नुसताच एक दणकट माणूस भिंती फोडत फिरतोय, त्यात बघायचं काय?"

मी "बरं" म्हटलं आणि पंखा लावला. मला मोठ्या गोष्टी उशिरा कळतात.

झंझावातचा आवाज काकांचा. स्टुडिओत सगळे मागून त्यांना 'घुमट' म्हणायचे, कारण ते खाली दारात "कसं काय" म्हणाले की वर तिसऱ्या मजल्यावरचा कपही थरथरायचा. उंच, ताठ, आणि आपल्या आवाजाला जपणारे इतके की थंड पाण्याच्या बाटलीकडेही संशयाने बघायचे. ते सकाळी यायचे, कारण सकाळी आवाज जड असतो. बाई दुकान सुटल्यावर चार वाजता. आमच्या धंद्यात एका वेळी एकच माणूस आत उभा राहतो, समोरच्याचं बोलणं हेडफोनमध्ये ऐकतो आणि आपलं बोलून बाहेर येतो. काकांचा एकच हट्ट असायचा: "आधी त्या पोराचं करून ठेवा. तो विचारेल, मग मी बोलेन."

त्या पोराचं. काकांना वाटायचं ठिणगी म्हणजे कुणीतरी मुलगा आहे. दर दोन-तीन वर्षांनी आम्ही नवा मुलगा आणतो असा त्यांचा समज होता, आणि दरवेळी ते म्हणायचे, "हाही गुणी आहे हो." माझ्याकडे त्याच्यासाठी चॉकलेट ठेवून जायचे. मी ते चार वाजता बाईंना द्यायचो, आणि बाई पन्नाशी उलटली तरी ते तिथेच बसून खायच्या.

"सांगून टाकू का त्यांना?" मी एकदा विचारलं.

"नको. आत्ता ते ठिणगीला कसे बोलतात बघा. माझ्याएवढी बाई समोर आहे कळलं की मनातल्या मनात मला अहो-जाहो करतील. आवाजात शिष्टाचार शिरला की संपलंच."

अशी ही दोन माणसं बावीस वर्षं एकमेकांना आगीतून, पुरातून, उंच इमारतींवरून वाचवत होती, आणि जिन्यातसुद्धा कधी नीट भेटली नव्हती.

नवव्या सिनेमात ठिणगी मोठा झाला. पंचवीस वर्षांचा, दाढी वगैरे. त्यासाठी कंपनीने एक तरुण आणला. पोरगा चांगला होता, त्याच्यावर माझा राग नाही, पण माइक तोंडासमोर लावला गेला तेव्हा मला उगाचच कडू वाटलं. बाईंना सांगायला मीच दुकानात गेलो. "मोठा झाला म्हणजे बरंच झालं की," त्या म्हणाल्या, आणि एकच काच त्यांनी तीनदा पुसली.

काकांचं काम जोरात चाललं होतं. शेवटची वीस मिनिटं राहिली आणि एका सकाळी काकांना अर्धांगाचा झटका आला. दोन महिन्यांनी ते काठी टेकत आले. उजवा पाय ओढत होता, पण आवाज शाबूत होता. अडचण वेगळीच होती. त्यांना वाक्याचा पहिला शब्द सापडायचा नाही. एकदा सुरू झालं की पुढचं सगळं घडाघडा यायचं, पण सुरुवातच व्हायची नाही. ओठ हलायचे, मान ताठ व्हायची, आणि आवाज आतच. डॉक्टर म्हणाले होते, शब्द आहेत, दार अडकलंय. कुणी सहज बोलता बोलता काही विचारलं तर उघडतं, "बोला" म्हटलं की अडकतं.

आणि आमचं अख्खं काम "बोला" म्हणण्याचं. आत उभ्या असलेल्याच्या कानात तीनदा 'टुक' वाजतं, चौथ्या ठोक्याला तोंड उघडायचं. टुक, टुक, टुक, आणि काका गप्प. पुन्हा. टुक, टुक, टुक. त्यांच्या कपाळावर घाम. काचेमागे कंपनीचा माणूस घड्याळाकडे बघत उभा. त्याने मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "आज संध्याकाळी सहापर्यंत झालं तर झालं. नाहीतर उद्यापासून दुसरा माणूस, आणि मग सुरुवातीपासून सगळंच त्याच्या आवाजात करावं लागेल. अर्धा एक आवाज, अर्धा दुसरा, असं चालत नाही." म्हणजे बावीस वर्षं झंझावात असलेला माणूस शेवटच्या झंझावातमध्ये कुठेच नसणार. काकांना हे त्याने सांगितलं नव्हतं. काकांना ते कळलं होतं.

त्यात मी माती खाल्ली. मला वाटलं, आपण हुशार. जुन्या आठ सिनेमांतून त्यांचे शब्द वेचू, एकेक उचलून जोडू, वाक्य तयार. दुपारी दोन तास बसून मी चार वाक्यं शिवली आणि मोठ्या उत्साहाने त्यांना ऐकवली. आवाज त्यांचाच, शब्द त्यांचेच. पण 'मी' एका सिनेमातला रागावलेला, 'थकलो' दुसऱ्यातला चेष्टेतला, 'बाळा' तिसऱ्यातला. ऐकताना काकांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी टेबलावर हात आपटला. बऱ्याच वेळाने शब्द निघाला, "हा... मेलेला माणूस आहे." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

साडेतीन वाजले होते. मी काकांना चहा दिला आणि तडक चष्म्याच्या दुकानात गेलो. बाई एका आजोबांच्या कानामागे दांडी बसवत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. टुक-टुक नको, कुणीतरी त्यांना विचारायला हवं, आणि ज्याच्या प्रश्नाला ते बावीस वर्षं उत्तर देत आलेत तोच हवा.

"तुमचा आवाज सिनेमात राहणार नाही," मी म्हणालो. "तिथे त्या तरुणाचा आहे. तुमचं सगळं मी पुसून टाकणार."

"ते कळलं हो. पण मी त्यांच्यासमोर जाणार नाही. मला बघितलं तर ठिणगी गेला."

"बाजूच्या छोट्या खोलीत उभ्या राहा. मध्ये भिंत आहे. तुम्ही दोघं एकमेकांना फक्त हेडफोनमध्ये ऐकाल."

बाईंनी मालकाकडे बघितलं. मालकाने आजोबांचा चष्मा त्यांच्या हातातून घेतला.

छोट्या खोलीत झाडू आणि जुन्या वायरी असतात. तिथे मी माइक लावला, एक वीत उंच, त्यांच्या पायाखालच्या वायरी बाजूला सारल्या. काकांना फक्त एवढंच सांगितलं, की आज ठोके नाहीत, ठिणगी विचारेल. त्यांनी मान हलवली. विश्वास बसलेला दिसत नव्हता.

शेवटचा प्रसंग असा. धरण फुटलंय, झंझावातने ते पाठीने अडवून धरलंय, अंगातली ताकद संपत चाललीय, आणि मोठा झालेला ठिणगी समोर उभा आहे. मी चित्र सुरू केलं. पडद्यावर दाढीवाला तरुण तोंड उघडत होता, आणि आमच्या कानात अकरा वर्षांचा मुलगा बोलला.

"दादा, जड आहे का खूप?"

हे वाक्य कागदावर नव्हतं. मी घाबरून काचेतून बघितलं. काकांचे ओठ हलले. आणि मग तो आवाज आला. खालून, छातीतून, अख्खा.

"जड आहे, बाळा. पण तुझ्याएवढं नाही. तुला मी फार वर्षं खांद्यावर घेतलंय."

कागदावरचंच वाक्य. तंतोतंत. पडद्यावरच्या ओठांवर चपखल बसलेलं. कंपनीचा माणूस घड्याळ विसरला.

पुढचा तास मी जे ऐकलं ते पुन्हा ऐकायला मिळणार नाही. बाई विचारत होत्या, काका सांगत होते. दोघांच्या मध्ये भिंत, एकाला दुसरा दिसत नाही, पण काकांचा श्वास जिथे संपत होता तिथे बाईंचा सुरू होत होता. शब्द अडकतोय असं वाटलं की त्या हळूच काहीतरी टाकायच्या, "मग?" किंवा "दादा, इकडे बघ ना," आणि दार उघडायचं. एकदा काका मध्येच पुरते थांबले. चित्र पुढे निघून गेलं. मी थांबवणार, एवढ्यात बाईंनी काहीच विचारलं नाही, नुसतं नाक ओढलं, रडू आवरणाऱ्या मुलासारखं. काका लगेच म्हणाले, "रडतोस काय. इकडे ये." तेही कागदावर नव्हतं. पण मी ते पुसलेलं नाही, सिनेमात आहे. कंपनीच्या माणसानेच सांगितलं, राहू द्या. मी या खुर्चीत बसून हजारो माणसं ऐकली असतील, पण एक माणूस दुसऱ्याला असा हात धरून चालवतोय आणि आपलं नाव कुठेच लागणार नाही हे माहीत असूनही जीव ओततोय, असं मी कधी ऐकलं नव्हतं. ठिणगीचं काम काय, हे मला तेव्हा समजलं. बावीस वर्षं मी त्यावर "बरं" म्हणून पंखा लावत होतो.

साडेपाचला शेवटचं वाक्य झालं. ठरल्याप्रमाणे बाई मागच्या जिन्याने निघून जाणार होत्या. पण काकांनी हेडफोन काढला, काठी घेतली आणि मी अडवायच्या आत छोट्या खोलीचं दार उघडलं.

बाई अनवाणी उभ्या होत्या. पांढरे केस, अंबाड्यात पेन, गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा. काका त्यांच्याकडे बघत राहिले. काहीतरी बोलायचं होतं त्यांना, फार मोठं काहीतरी असावं, कारण ओठ हलत होते आणि मान ताठ झाली होती, पण पहिला शब्द येत नव्हता. चेहरा लाल झाला. मला बघवेना. मी त्यांच्या वतीने बोलायला तोंड उघडलं, तर बाईंनी माझ्याकडे न बघताच हात आडवा केला.

मग त्यांनी मान वर केली. काका उंचच तेवढे.

"दादा, पाय दुखतोय का?" ठिणगीने विचारलं.

"थोडासा," काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "तू जेवलास का रे?"

"नाही अजून."

"वेडा आहेस," काका म्हणाले, आणि खिशात चाचपून त्यांनी रुमाल काढला, तो बाईंना दिला, मग परत घेऊन स्वतःचेच डोळे पुसले.

त्या दिवसापासून बाई रोज संध्याकाळी सात वाजता काकांना फोन करू लागल्या. वहिनी, म्हणजे काकांच्या पत्नी, फोन त्यांच्या कानाला लावायच्या. ठिणगी विचारायचा: आज काय केलंस, खिडकीतून काय दिसलं, औषध कडू होतं का. काका सांगायचे. वहिनी मला म्हणाल्या, बाकी दिवसभर घरात शांतता असते, पण त्या पंधरा मिनिटांत आमच्याकडे माणूस असतो. डॉक्टरांनी विचारलं, हे कोण शिकवतंय? वहिनी म्हणाल्या, त्यांच्या ओळखीचा एक मुलगा आहे.

असे सात महिने गेले. एका दुपारी मी दुकानात होतो, माझ्या चष्म्याची दांडी सैल झाली होती. फोन वाजला. काकांच्या घरचा नंबर बघून बाईंच्या हातातला स्क्रू खाली पडला, कारण दुपारी तिथून फोन यायचं काही कारण नव्हतं. वाईट बातमी असणार असंच आम्हा दोघांना वाटलं. त्यांनी फोन कानाला लावला. काउंटरच्या या बाजूला असूनही मला तो आवाज स्पष्ट ऐकू आला, घुमटच तो.

"ठिणग्या, मी बोलतोय. माझा मीच लावलाय फोन."

कुणी विचारलं नव्हतं. पहिला शब्द त्यांचा त्यांनी काढला होता.

बाईंनी तोंड उघडलं. काही आलं नाही. ठिणगीचा आवाज नाही, त्यांचा स्वतःचा नाही. एक हात काउंटरवर घट्ट धरून त्या नुसत्या उभ्या राहिल्या, ओठ हलत होते, गाल भिजले होते. पलीकडे काका थांबले. घाई न करता, पुरेसा वेळ थांबले.

"असू दे," ते म्हणाले. "येईल शब्द. मी आहे फोनवर."

मी माझा चष्मा तिथेच ठेवला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलो.